नाण्यावरचे तीन हिरवे

नवरात्राच्या आधी घर उपसायला काढलं की ट्रंकेच्या तळातून, देव्हाऱ्याच्या खणातून, पणजीच्या लुगड्यांच्या गाठोड्यातून जुनी नाणी वर येतात. मग बेळगावच्या आसपासच्या शहापूर, वडगाव, कंग्राळी, खानापूर असं कुठून कुठून ओळखीतली पोरं ती रुमालात बांधून माझ्याकडं आणतात आणि रुमालाची गाठ सोडायच्या आधीच विचारतात, "काका, हे घासायचं कशानं?" मी उलट विचारतो, "अजून घासलं नाहीस ना?" पोरगं गप्प बसलं की काय ते समजतं.

त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. सहावीत असताना आज्जीच्या देव्हाऱ्यातली शिवराई मी परसात नेऊन चिंच, मीठ आणि रांगोळीनं घासली होती, तांब्याचा हंडा घासतात तशी. नाणं लख्ख गुलाबी झालं. 'श्री राजा शिव' मधला 'श्री' गेला, मागच्या बाजूच्या 'छत्रपति'तला 'छ' कसाबसा राहिला. आज्जी एवढंच म्हणाली, "भांडं हाय व्हय रे ते?" पुढच्या पावसाळ्यात त्या गुलाबी तांब्यावर फिक्या हिरव्या पुळ्या उठल्या. चिंचेनं अक्षरं नेली होती ती नेलीच, पण मीठ नाण्याच्या पोटात जाऊन बसलं होतं. ते नाणं अजून माझ्याकडं आहे. रुमाल घेऊन येणाऱ्याला मी आधी ते दाखवतो.

पुढं जे लिहितोय ते मुख्यतः तांब्याच्या नाण्यांबद्दल. आपल्या भागात गंजलेलं म्हणून जे हाती येतं ते बहुतेक तांब्याचंच असतं: शिवराई, आदिलशाही फलूस, टिपूचा हत्तीवाला पैसा, कंपनी सरकारचा १८३५ चा पाव आणा, राणीच्या मुखवट्याचे पैसे. चांदी आणि शिसं शेवटी थोडक्यात घेतो.

आधी हिरवा ओळखा

नाण्यावर हिरवं दिसलं की लोक त्याला सरसकट 'जंग' म्हणतात. पण हिरवे तीन आहेत आणि तिघांना तीन वेगळी औषधं लागतात. एकाला तर औषधच लागत नाही. बरीच नाणी वाया जातात ती ह्या तिघांची गल्लत झाल्यामुळं.

पहिला कडक हिरवा. तांबं, ओल, हवेतला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या संगतीनं वर्षानुवर्षं बसत गेलेला थर. तळाला लालसर क्युप्राइट, त्यावर हिरवं मॅलाकाइट. गुळगुळीत, घट्ट, नखानं उकरलं तरी निघत नाही. हा नाण्याचा राप, संग्राहकांच्या भाषेत पॅटिना. ह्याला हात लावायचा नाही. जमिनीत फार दिवस राहिलेल्या नाण्याचं मूळ तांबं वरच्या बाजूनं खाल्लं गेलेलं असतं आणि अक्षराची कड उरलेली असते ती ह्या थरातच. थर खरवडला की खाली 'खरं' नाणं सापडेल असं वाटतं. प्रत्यक्षात खाली ओबडधोबड तांब्याची चकती निघते.

दुसरा मऊ, तेलकट हिरवा. हा देव्हाऱ्यातल्या नाण्यांवर हटकून असतो. दिवाळीला लक्ष्मीपूजनात मांडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं, समईच्या तेलाचे हात लागलेलं नाणं बघा. तेलातली आम्लं तांब्याशी जुळून एक प्रकारचा साबणच तयार होतो. मेणासारखा, गडद, काडीनं दाबला की खड्डा पडतो. स्वस्तातल्या पीव्हीसी अल्बममध्ये ठेवलेल्या नाण्यांवर जो चिकट हिरवा चिखल येतो, तोही ह्याच जातीचा समजा. तिथं तेलाऐवजी प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेली रसायनं पाझरतात. हा हिरवा काढायचा, आणि तो निघतो.

तिसरा फिका आणि भुरभुरीत. पोपटीकडं झुकणारा, खडूच्या पुडीसारखा, ठिपक्याठिपक्यानं येणारा. बोटानं पुसला तर निघतो, खाली बारीक खड्डा दिसतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तिथंच उगवतो. ह्याचं नाव ब्राँझ डिसीज. नावात ब्राँझ असलं तरी निव्वळ तांब्यालाही होतो. क्लोराईड, म्हणजे मिठातला घटक, तांब्याशी जुळून नाण्याच्या आत बसलेला असतो. हवेतली आर्द्रता साधारण ४५ टक्क्यांच्या वर गेली की तो जागा होतो: ओल आणि ऑक्सिजन मिळाला की वर फिकी हिरवी पूड तयार होते, तिच्यासोबत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते आम्ल आणखी तांबं खातं, आणि पुन्हा तेच. म्हणून पूड नुसती पुसून काही होत नाही.

आता आपल्याकडचा जून ते सप्टेंबर आठवा. बेळगावात भिंतींना पाझर फुटतो, कणकुंबी-जांबोटीकडं तर वाळत घातलेले कपडे आठ-आठ दिवस ओलेच राहतात. ४५ टक्के कसले? तिसरा हिरवा आपल्याकडं चार महिने पोसला जातो. कोरड्या मुलखातल्या माणसानं लिहिलेले सल्ले वाचताना हे ध्यानात असू द्या.

खात्री होत नसेल तर दमट डब्याची परीक्षा घ्या. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ओल्या कापसाचा बोळा एका कोपऱ्यात, नाणं दुसऱ्या कोपऱ्यात बाटलीच्या टोपणावर, पाणी लागणार नाही असं. दोन दिवस झाकून ठेवा आणि भिंगातून बघा. नवे फिके ठिपके किंवा हिरवट घामाचे थेंब दिसले तर रोग जिवंत आहे. असं नाणं इतर नाण्यांपासून लगेच वेगळं काढा. रोग हवेतून उडत नाही, पण क्लोराईडची पूड दुसऱ्या नाण्यावर सांडली तर त्याचंही काम होतं.

सामान

फार लागत नाही. सोनार वापरतात ते दहापट भिंग. शहापूरच्या किंवा खडेबाजारच्या सराफी हत्यारांच्या दुकानात मिळतं. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा. काचेच्या बरण्या, बाभळीचे वाळलेले काटे, बांबूच्या टूथपिक, मऊ केसांचा रंगाचा ब्रश. डिस्टिल्ड वॉटर. ॲसिटोन, ते रसायनांच्या दुकानातूनच आणा. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत तेल आणि वास घातलेला असतो. रबरी हातमोजे. सिलिका जेल.

तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, टूथपेस्ट, लिंबू, व्हिनेगर, कोला, भांड्यांची पावडर आणि सोनाराच्या दुकानातलं पॉलिशचं यंत्र ह्यांची नावं काढू नका. शेवटच्याबद्दल विशेष सांगतो. आपल्याकडं सोनार घरचा असतो, प्रेमानं म्हणतो, "द्या इकडं, दोन मिनिटांत चमकवून देतो." चमकवून देतो हे खरंच. पण घासलेलं नाणं जाणकार गिऱ्हाईक हातात घेऊन तसंच परत ठेवतं.

वजन आणि फोटो

पहिलं काम वहीचं. नाण्याचं वजन करा, व्यास मोजा, तिरक्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. खिडकीशी सकाळचं आडवं ऊन येतं ते ह्याला फार चांगलं; वरून फ्लॅश मारला तर झिजलेली अक्षरं सपाट होऊन जातात. कुठून आलं, कुणी दिलं, हेही लिहा. सहा महिन्यांनी आठवत नाही.

वजनाचा आणखी एक उपयोग. १८३५ चा पाव आणा १०० ग्रेनचा, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास. १९०६ पासून पाव आणा ब्राँझचा झाला आणि पावणेपाच-पाच ग्रॅमवर आला. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम. झीज आणि गंज धरूनही वजन फारच भलतं आलं तर साफसफाईच्या आधी नाणं खरं आहे का ते बघा. आणि एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ साल असं जाडजूड नाणं आलं असेल तर ते नाणंच नव्हे. कंपनीनं असं काही पाडलेलं नाही, ते बाजारात विकायला केलेलं टोकन. ते चुंबकासारखं तांदळाचे दाणे ओढतं म्हणून कुणी लाखांची भाषा करू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

इथंच कायद्याचं एक वाक्य. शेत नांगरताना, पाया खणताना किंवा जुन्या वाड्याची भिंत पाडताना नाणी सापडली तर ती खिशात घालायची नसतात. जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडच्या डीसींना, कळवावं लागतं. देशात असा कायदा १८७८ पासून आहे आणि कर्नाटकाचा स्वतःचा १९६२ चा आहे. अशी नाणी साफही करू नका. मातीसकट ती जास्त बोलतात.

पाणी

तेलकट नसलेलं, मातीनं भरलेलं नाणं आधी पाण्यात. पाणी डिस्टिल्डच. राकसकोपचं असो की हिडकलचं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बोअरच्या पाण्यात क्षार. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. औषधाच्या दुकानात मोठा कॅन मिळाला नाही तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं क्षार काढलेलं पाणी चालतं. मात्र कॅनवर नीट वाचून घ्या, शेजारीच बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं.

नाणं बरणीच्या तळाला सपाट ठेवलं तर खालच्या बाजूला पाणी नीट खेळत नाही. नायलॉनच्या जाळीचा तुकडा मध्ये अडकवा आणि त्यावर नाणं ठेवा. पहिला आठवडा रोज पाणी बदला, नंतर तीन-चार दिवसांनी. पाणी गढूळ व्हायचं थांबेपर्यंत हे चालू. कधी आठ दिवस लागतात, कधी दोन महिने.

कुठल्या मातीतलं नाणं आहे त्यावर बरंच अवलंबून असतं, आणि आपला जिल्हा ह्या बाबतीत मजेशीर आहे. खानापूरच्या बाजूची जांभ्याची लाल माती आंबट; तिच्यातून आलेल्या नाण्यावर लोहाचा विटकरी डाग आणि खोलवर खाल्लेले खड्डे असतात. पूर्वेकडं, अथणी-सौंदत्तीच्या काळ्या रानात चुनखडी. तिथल्या नाण्यावर राखाडी-पांढरा दगडासारखा कवच चढतो, पण कवचाखाली नाणं पुष्कळदा शाबूत निघतं. उसाच्या रानातल्या नाण्याबाबत मी जास्त सावध असतो. उसाला म्युरेट ऑफ पोटॅश घालतात, ते पोटॅशियम क्लोराईडच. वर्षानुवर्षं त्या खताच्या पाण्यात मुरलेलं तांबं म्हणजे तिसऱ्या हिरव्याला आमंत्रण. मलप्रभेत, कृष्णेत वाहिलेली नाणी वाळूनं गुळगुळीत झालेली असतात. त्यांची अक्षरं कुठल्याच उपायानं परत येत नाहीत, ती तशीच ठेवा.

ॲसिटोन

देव्हाऱ्यातल्या नाण्याचा क्रम उलटा: आधी ॲसिटोन, मग पाणी. तेलाच्या थरातून पाणी आत शिरतच नाही.

काचेच्या वाटीत नाणं बुडेल इतकं ॲसिटोन, वर काचेचं झाकण, अर्धा तास. प्लास्टिकची वाटी घेऊ नका, विरघळेल. द्रव पिवळा-हिरवा होतो, तळाला कुंकवाची लाल साय बसते. ओता, नवं घ्या, पुन्हा. दोन-तीन वेळा केलं की मेणट थर फुगून सुटतो. उरलेला बांबूच्या काडीनं ढकलायचा. ॲसिटोन तांब्याला काही करत नाही, रापालाही नाही, म्हणूनच ते वापरायचं.

पण ते पेट्रोलसारखं पेटतं. त्याची वाफ जड असते, जमिनीलगत सरपटत जाते. गॅसची शेगडी, समई, उदबत्ती जवळ नको. मी गच्चीवर बसतो. नाणं देव्हाऱ्यातलं म्हणून देव्हाऱ्यासमोर बसून भक्तिभावानं हे काम करणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. समई वेळेवर विझली म्हणून निभावलं.

काटा आणि भिंग

खरं काम इथं आहे, आणि बहुतेकांना इथंच कंटाळा येतो.

नाणं ओलं असतानाच घ्या. टेबलावर जुना मऊ टॉवेल, त्यावर नाणं, डावीकडून दिव्याचा तिरका उजेड. भिंग डोळ्याशी. बाभळीचा काटा पेन धरतो तसा, पण आडवा. टोचायचं नाही, मातीच्या कडेखाली टोक सरकवून उचलायचं. बाभळीचा काटा तांब्यापेक्षा मऊ, त्यामुळं ओरखडा उठत नाही. टोक बोथट झालं की टाका आणि दुसरा घ्या. सुई घेऊ नका. सराव झाल्यावर घेतात लोक, मीही घेतो, पण पहिली पन्नास नाणी काट्यानंच.

मागच्या हिवाळ्यात एक शिवराई अशी साफ केली. मोडीतली भांडी घेणाऱ्याच्या पोत्यातून आलेली, दोन्ही बाजूंनी राखाडी कवच. पाण्यात पाच आठवडे काढून झाल्यावर कवचाला भेगा पडल्या. पहिल्या संध्याकाळी 'रा' चा काना सुटला. दुसऱ्या दिवशी 'जा'. शेवटच्या ओळीतल्या अक्षराच्या डोक्यावर मातीचा एक घट्ट कण होता, मोहरीएवढाही नव्हता. नाण्यावर थेंबभर पाणी, काटा, अर्धा मिनिट, पुन्हा थेंब. साधारण चाळीस मिनिटांनी कण उडाला आणि खाली वेलांटी निघाली, दीर्घ. म्हणजे ते 'शिव' नव्हतं, 'सीव' होतं. शिवराया पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या टांकसाळीत पडत राहिल्या आणि लिहिण्यात असे बरेच फरक पडले. जाणकार ह्याच फरकांवरून नाणी लावतात. ती वेलांटी चिंच-रांगोळीच्या एका हातात गेली असती. सुरुवातीला वजन १०.८४ ग्रॅम होतं, शेवटी १०.६१. गेलेले तेवीस शतांश म्हणजे माती.

कुठं थांबायचं? काट्याखाली कण मातीसारखा फुटायचा बंद झाला आणि चकचकीत हिरव्या कडेवर टोक घसरायला लागलं की तिथं राप सुरू झाला. थांबा. शेताच्या रंगाची माती खोलगट भागात राहिली तर राहू द्या, त्यानं अक्षर उलट उठून दिसतं.

फारच चिवट माती असेल तर लिक्विड पॅराफिनमध्ये महिनाभर ठेवून पुन्हा काटा. ऑलिव्ह तेलात सहा महिने बुडवा, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळेल. त्या तेलात आम्ल असतं, ते हळूहळू तांबं खातं आणि वर मगाचचा दुसरा हिरवा देऊन जातं. पॅराफिन निष्क्रिय, स्वस्त आणि औषधाच्या दुकानात मिळतं. नंतर ॲसिटोननं धुवायला विसरू नका.

सोड्याची बरणी: फक्त तिसऱ्या हिरव्यासाठी

दमट डब्यात नाणं नापास झालं तरच हे करा.

आधी कोरड्या नाण्यावरची फिकी पूड काट्यानं उकरून काढा, खड्ड्याच्या तळापर्यंत. तळाशी कधी राखाडी, मेणासारखा पदार्थ दिसतो. तोच मूळ क्लोराईड. जेवढा निघेल तेवढा काढा. तोंडाला मास्क बांधा आणि पूड कागदावर गोळा करून टाकून द्या. ह्या एका ठिकाणी काटा न पुरता सुई लागू शकते, पण खड्ड्याच्या आतच, बाहेर नाही.

मग पाणी. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात २८ ग्रॅम सोडा ॲश (निर्जल सोडियम कार्बोनेट) आणि २२ ग्रॅम खाण्याचा सोडा. हे झालं साधारण ५ टक्क्यांचं सोडियम सेस्क्विकार्बोनेट. दोन्ही पूर्ण विरघळू द्या, नाणं जाळीवर ठेवून बरणीत सोडा आणि दर आठवड्याला द्रव बदला. तो हळूहळू आतलं क्लोराईड बाहेर ओढतो आणि सुटलेलं आम्ल मारतो. हे दोन-चार दिवसांचं काम नव्हे. सहा आठवडे धरा, खोल रोग असेल तर सहा महिने. फार दिवसांनी नाण्यावर निळसर छटा येऊ शकते आणि रापाचा रंगही थोडा बदलतो. म्हणूनच निरोगी नाण्याला ही बरणी दाखवायची नाही. ॲल्युमिनियमची हलकी नाणी, षटकोनी ३ पैसे वगैरे, चुकूनसुद्धा ह्यात टाकू नका, सोडा ॲल्युमिनियम खातो.

झाल्यावर साध्या डिस्टिल्ड पाण्यात आठ-दहा दिवस, रोज बदलून. वाळवा. पुन्हा दमट डबा. पास झालं तर पुढं, नाही तर पुन्हा बरणी.

संग्रहालयातले लोक ह्यानंतर बेंझोट्रायझोल नावाचं रसायन अल्कोहोलमध्ये मिसळून त्यात नाणं बुडवतात. ते तांब्यावर एक पातळ संरक्षक थर बांधतं. उपाय उत्तम आहे, पण रसायन अंगाला चांगलं नाही. हातमोजे, मोकळी हवा आणि रसायनशास्त्र शिकलेला मित्र जवळ असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. नवख्याचं त्याच्यावाचून अडत नाही.

वाळवणं आणि मेण

पाण्यातून काढलेलं नाणं मऊ सुती कापडावर टिपा, घासू नका. मग दहा मिनिटं ॲसिटोन. ते बारीक भेगांतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः उडून जातं. ॲसिटोनचा वास पूर्ण गेल्यावरच नाणं टेबललॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली तासभर ठेवा, हाताला कोमट लागेल इतकंच.

कोमट असतानाच मेण. मायक्रोक्रिस्टलाइन मेण घ्यावं; रेनेसान्स वॅक्स म्हणून मिळतं, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं, आता ऑनलाइन मागवता येतं. महाग वाटेल, पण छोटी डबी कित्येक वर्षं जाते. मऊ ब्रशवर अगदी कणभर, दोन्ही बाजू आणि कड, दहा मिनिटांनी कापडानं हलकेच पुसा. नाण्याचा रंग एक छटा गडद होतो, ओल्या दगडासारखा. खोबरेल, तीळ तेल, व्हॅसलीन ह्यांनीही तसाच रंग येतो, पण त्यावर धूळ चिकटते, आणि तेलाचं काय होतं ते वर सांगितलंय.

ह्यापुढं नाणं नेहमी कडेनं धरायचं. हाताच्या घामातही मीठच असतं.

चांदी आणि शिसं

चांदीवरचा काळा किंवा निळसर-तांबूस थर हा सल्फाइड. समान बसलेला असेल तर तसाच ठेवा, छान दिसतो. तेलकट असेल तर ॲसिटोन. ॲल्युमिनियम फॉइल आणि गरम सोड्याच्या पाण्याची युक्ती घरच्या पैंजणांसाठी ठीक. नाण्याला ती मेल्यासारखा पांढरट रंग देते.

शिशाची नाणी बहुतेक सातवाहन काळातली असतात. वडगाव-माधवपूरला त्या काळाची वस्ती उत्खननात मिळाली आहे, त्यामुळं आपल्या भागात लोकांना ह्या नाण्यांचं कुतूहल असतं. शिशाला डिस्टिल्ड पाणी चालत नाही, ते त्यालाच खातं. सागवानी कपाटातली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातली आम्लाची वाफही चालत नाही, नाण्यावर पांढरी पूड धरते. शिशाचं नाणं कोरडं, मऊ ब्रशनं झटका, इतकंच. ते विषारी आहे, हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका. पांढरी पूड सुटत असेल तर संग्रहालयातल्या माणसाला दाखवा.

पावसाळा

पहिलं म्हणजे पीव्हीसीचा अल्बम फेकून द्या. मी एका दुकानातून घेतलेल्या देखण्या चामडी अल्बममध्ये चाळीस नाणी लावली होती. दोन पावसाळ्यांनी सगळ्यांवर चिकट हिरवी साय होती आणि चाळीसही नाणी एकेक करून ॲसिटोनमध्ये घालावी लागली. पाकीट उघडताना नव्या शॉवर-कर्टनसारखा वास आला तर ते पीव्हीसी समजा. मायलरची, म्हणजे पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मची, पाकिटं किंवा मायलरची खिडकी असलेले दोन बाय दोन इंचाचे होल्डर घ्या. होल्डरला पिन मारताना पिनेचं टोक आत दाबून चपटं करा, नाहीतर ते शेजारच्या नाण्याला ओरबाडतं.

होल्डर हवाबंद डब्यात, डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी. रंग बदलणारं जेल घ्या: निळं असेल तर ओल पिऊन गुलाबी होतं, नारिंगी असेल तर हिरवं. रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. आमच्याकडं त्यासाठी एक जुनी कढई वेगळी काढली आहे, आणि ती वेगळी काढेपर्यंत घरात काय बोलणी खाल्ली ते सांगत नाही. डब्यात शंभर-दोनशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक टाका. आकडा ४० च्या खाली ठेवायचा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, तेही पाऊस उघडलेल्या दुपारी, डबा उघडून भिंगातून फेरी मारा. फिका ठिपका दिसला तर ते नाणं बाहेर, बाकीचा डबा लगेच बंद.

होल्डरच्या मागं बारीक अक्षरात लिहा: कुठून आलं, आधीचं वजन, नंतरचं वजन, काय काय केलं, तारीख. आणि सोड्याच्या बरणीवरही मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा. माझी सध्याची बरणी सातव्या आठवड्यात आहे, आत खानापूरच्या एका पोरानं आणलेला १८३५ चा पाव आणा. चिठ्ठी नव्हती तेव्हा आमच्या आईनं ती दोनदा लोणच्याची समजून उघडली.